पावल्यांची जुनी माळ आणि मोत्याच्या कुड्या: काळ कसा ठरवायचा?

कृष्णाकाठ: सांगलीत एका घरातून जुने दागिने विकत घेतले. चांदीची माळ आहे : मध्ये बंदा रुपया, दोन्हीकडे सात-सात पावल्या (पाव रुपयाची नाणी), प्रत्येकीला डाख (सांधणारा धातू) देऊन कडी लावलेली, रेशमात गाठवलेली. रुपया १९०७ चा, पावल्या १८९२ ते १९४३ च्या. सोबत फिरकीच्या कुड्या आहेत, सोन्यावर शिक्का नाही. माळ १९०७ ची धरायची का? सराफ कट्ट्यावर जाण्याआधी घरी काय तपासू?

घाटमाथा: रुपयाचं साल म्हणजे माळेचं साल नव्हे. माळेतल्या सगळ्यात नव्या नाण्याच्या आधी ती घडलेली असू शकत नाही, एवढंच नाण्यावरून कळतं. म्हणून आधी १९४३ ची पावली मूळची आहे की मागाहून घातलेली, ते बघा. दहापट भिंगाखाली तिची कडी शेजारच्या कड्यांशी ताडून पाहा : तारेची जाडी, डाखाचा रंग, आणि दोरा घासतो तिथली कडीची आतली झीज. नाण्याच्या तोंडावरची झीज विचारात घेऊ नका, ती बाजारात फिरतानाच झालेली असते.

खरेखोटेपणासाठी वजन. बंदा रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, पावली २.९२. कडीमुळे थोडं जास्त आणि झिजेमुळे थोडं कमी भरेल. ओतीव नकलेत अक्षरं मऊ दिसतात, बारीक छिद्रं असतात आणि काठावर सांधा दिसतो. १९४० पासून चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आली, त्यामुळे १९४३ ची पावली कसाला कमी उतरली तर घाबरू नका. १९४६ ची पावली मात्र निकेलची, चुंबकाला चिकटते.

पाण्यातलं वजन घ्यायचं तर सुटा रुपया लागतो (सुमारे १.१३ ग्रॅम घट यायला हवी). गाठवलेली माळ बुडवलीत तर रेशीम पाणी पितं आणि आकडा चुकतो. दोरा स्वतः कापू नका, पटवेकऱ्याकडून (दागिने रेशमात गाठवणाऱ्याकडून) सोडवून घ्या.

आटपाडीचा: कुड्यांबद्दल. शिक्का नाही यावरून काहीच ठरत नाही. सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली आलं आणि सक्ती जून २०२१ पासून, तीही टप्प्याटप्प्याने. टंच (सोन्याची शुद्धता) १४ कॅरेट निघाला तरी लगेच फसवणूक म्हणू नका. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी होती, ती १९६६ मध्ये उठली.

मोत्याचं भोक भिंगाखाली बघा. कडेला आतला मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये गडद रेघ दिसली तर मोती संवर्धित, म्हणजे १९२० च्या दशकाच्या आधीचा जवळपास नाहीच. भोकाशी पापुद्रा सुटून काच दिसली तर नकली. पण मोती बदलले जातात, तेव्हा एका मोत्यावर विसंबू नका, सगळे तपासा. डाव्या कुडीची फिरकी उजव्या मळसूत्रावर घालून पाहा. हाताने पाडलेले आटे सहसा आपल्याच जोडीला बसतात, म्हणून ती बसली नाही तर काम हातचं असू शकतं. अर्थात फिरक्या हरवतात, बदलल्या जातात, म्हणून हा पुरावा दुय्यमच.

टंच काढताना यंत्रावर तीन ठिकाणी घ्या, पाठ, दांडी आणि डाखापासून दूरची जागा. यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, मुलामा असेल तर तोच दिसतो. आमच्या विटा-आटपाडीकडचा गलाईवाला (सोनं-चांदी गाळणारा) शुद्धता बिनचूक सांगेल, पण वय नाही. आणि उजाळा अजिबात देऊ नका. डाखाचा रंग, कोपऱ्यातला मळ, हत्याराच्या खुणा, सगळं त्यात जातं. तेजाब आणि रिठा मोत्यांपासून लांबच ठेवा.

कृष्णाकाठ: भिंगाने पाहिलं. १९४३ च्या पावलीची कडी गोल ओढलेल्या तारेची, बाकी तेराही कड्या ठोकून चपट्या केलेल्या. तिचा डाखही पिवळट आहे. ती सोडली तर सगळ्यात नवी पावली १९१८ ची.

घाटमाथा: मग १९४३ ची मागाहून बसवलेली. माळ '१९१८ किंवा त्यानंतरची' एवढंच लिहून ठेवा, आणि त्या एका कडीचा जवळून फोटो काढून सोबत जपा. कट्ट्यावर मोडीचा भाव सांगतील, तो चांदीचा असतो, माळेचा नाही.