पत्रा हाताला भाजतो, गन मात्र 20 दाखवते

शेडवाला: शेडचा नवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा आहे. दुपारी दीड वाजता इन्फ्रारेड गन खालून 44 अंश दाखवते, वरून मारली तर चक्क 20! हात मात्र टेकवत नाही. गन बिघडली का? आणि पत्रा चकचकीत असून इतका तापतो कसा?

उष्णतामापी: गन ठीक आहे. ती पत्र्याकडून येणारे 8 ते 14 मायक्रोमीटरचे किरण मोजते आणि पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता किरणांनी बाहेर टाकायची क्षमता (जास्तीत जास्त 1), 0.95 धरून चालते. नव्या जस्ताची असते जेमतेम 0.2 ते 0.3. उरलेलं सगळं प्रतिबिंब. खालून जमिनीचं, वरून थंड निरभ्र आभाळाचं.
इलेक्ट्रिकल टेपची उत्सर्जकता गन धरते तेवढ्याच्या जवळ असते, म्हणून तिच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी, पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटवा. दहा मिनिटांनी 30 सेंमीवरून मोजा. 12:1 च्या (अंतराच्या बाराव्या भागाएवढा ठिपका मोजणाऱ्या) गनचा ठिपका तिथे अडीच सेंमीचा पडतो, म्हणजे टेपच्या आत. लांबून मारलंत तर पुन्हा पत्राच मोजाल. आकडा 65 च्या घरात आला तर नवल नाही.

नाना_फॅब्रिकेशन: वरून मोजायचं तर काळी टेप नको, उन्हात ती स्वतःच जास्त तापते. पांढरी लावा. या लांब लहरींना काळं-पांढरं कळत नाही, दोन्हींची उत्सर्जकता जवळपास सारखीच.

उष्णतामापी: बरोबर, ते लिहायचं राहिलं. पत्रा इतका का तापतो, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही उत्सर्जकतेतच आहे. पत्रा बरंच ऊन परतवतो, पण जे शोषतो ते किरणांनी बाहेर टाकायला कंजूष. चांगला पांढरा रंग नवा असताना 80 टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, शिवाय उत्सर्जकता 0.9. चंदेरी ॲल्युमिनियम पेंट दिसतो झकास, पण उष्णता बाहेर टाकण्यात मागेच.

शेडवाला: मग सरळ ऑइलपेंट मारू?

नाना_फॅब्रिकेशन: अजिबात नको. ऑइलपेंटमधल्या तेलाचा जस्ताशी साबण होतो, पावसाळ्यानंतर पापुद्रे निघतात. डिटर्जंटने तेलकटपणा काढा, स्वच्छ धुऊन वाळवा, गॅल्व्हनाइज्डसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारा, वर पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात. काम सकाळी नऊच्या आत उरका. तापल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आधीच वाळतो, ब्रशचे फराटे राहतात.
खालची बाजू रंगवू नका. तिचा कंजूषपणा इथे कामाचा, माणसांवर उष्णता कमी पडते. आणि धूळ साचली की वरच्या पांढऱ्याचा गुण घटतो, उन्हाळ्याआधी एकदा धुवा.