मदत हवी आहे: मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी गरम केमो कुणी घेतलीय का?

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय ७१, राहणार नाशिक. लघवीच्या पिशवीत गाठ तिसऱ्यांदा आलीय. दोनदा दुर्बिणीतून काढली, बीसीजीचे (गाठ परत येऊ नये म्हणून मूत्राशयात सोडतात ते औषध) डोसही झाले. स्नायूपर्यंत गेलेली नाही, पण हाय ग्रेड, म्हणजे झपाट्यानं वाढणारी आहे. रोज सकाळी बाटलीतली लघवी ट्यूबलाइटसमोर धरून रंग बघतात, आणि मग दिवसभर गप्प.

डॉक्टर म्हणतात, मूत्राशयच काढणं हाच खात्रीचा मार्ग. अण्णा पोटावर लघवीसाठी बाहेरची पिशवी लावून जगायला अजिबात तयार नाहीत. म्हणून दुसरा पर्याय निघाला: मायटोमायसिन हे केमोचं औषध साधारण ४३ अंशांपर्यंत तापवून नळीतून तासभर मूत्राशयात फिरवायचं. उष्णतेनं औषध आतल्या थरात जास्त मुरतं म्हणे.

मी थोडं वाचलं. ब्रिटनमध्ये बीसीजीनंतर गाठ परतलेल्या १०४ रुग्णांवर रेडिओ लहरींनी उष्णता देऊन चाचणी झाली, निकाल २०१९ साली आला. एकूण फरक पडला नाही, आणि ज्यांना सीआयएस (आतल्या अस्तरात पसरणारा सपाट कॅन्सर) होतं त्यांचं उलट वाईटच झालं. अण्णांच्या बायोप्सीत सीआयएस लिहिलंय. पद्धत वेगळी असली तरी पोटात गोळा आलाच.

ज्यांच्या घरी ही ट्रीटमेंट झाली त्यांनी कृपया सांगा: पुणे-मुंबईत कुठे घेतली, एका वेळचा खर्च किती, नंतर जळजळ किती दिवस राहिली? तासभर लघवी धरवली का? अण्णांना दहा मिनिटंही धरवत नाही. आणि मूत्राशय काढायचं पुढे ढकलून कुणाला पस्तावावं लागलं असेल, तर तेही मोकळेपणानं लिहा.