पहिलं बाळंतपण इंदूरला की माहेरी ग्वाल्हेरला? 27 वा आठवडा चालू आहे

सुदामानगर_वहिनी
नमस्कार सगळ्यांना. पहिलंच आहे, ड्यू डेट गणपतीत येतेय. सासर इंदूर, माहेर ग्वाल्हेरला लष्कर भागात. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, आईने डिंक-खारीक आणून ठेवलंय, जुन्या साड्यांची दुपटी शिवून झालीत, त्यामुळे तिला नाही म्हणायला जीभच वळत नाही. सासूबाई म्हणतात जा, पण नववा लागल्यावर जा, इथल्या डॉक्टर चांगल्या आहेत. आणि हे म्हणतात कुठेच जायचं नाही, आईंनाच इकडे बोलवू.
माझा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह, ह्यांचा पॉझिटिव्ह. एचबी मागच्या वेळी 9.6 आलं, गोळ्या चालू आहेत. शुगरची टेस्ट अजून व्हायचीय. इथे जिथे दाखवते ते छोटं नर्सिंग होम आहे, घरापासून पाच मिनिटांवर, पण बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नाही. गेले काही दिवस रात्री झोपच लागत नाही ह्या विचाराने. ज्यांनी असं केलंय त्यांनी प्लीज सांगा, कधी जायचं, काय विचारायचं, काय सोबत ठेवायचं.

माई_सिस्टर
बाळा, मी लेबर रूममध्ये खूप वर्षं काढलीयेत, आता रिटायर आहे, म्हणून जरा मोठं लिहिते, शांतपणे वाच.
आधी निगेटिव्हचं. आयसीटी नावाची रक्ताची टेस्ट (तुझ्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्यात का ते बघणारी) झालीय का ते फाइलमध्ये बघ. ती निगेटिव्ह असेल तर 28 व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन (तशा अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून) देतात, म्हणजे तुझं आत्ताच आलं, पुढच्या व्हिजिटला स्वतःहून विचार. बाळ झाल्यावर त्याचा ग्रुप तपासतात आणि पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत परत एक इंजेक्शन. हे मुख्यतः पुढच्या बाळासाठी असतं, म्हणून घाईगडबडीत राहून जातं, त्यामुळे घरातल्या एकाने तरी हे लक्षात ठेवायचं. मधे कधीही ब्लीडिंग झालं किंवा पोटावर मार लागला तरी लगेच डॉक्टरला सांगायचं, तेव्हाही हे इंजेक्शन लागू शकतं.
तुझा ग्रुप आपल्याकडे कमी लोकांचा असतो. म्हणून जिथे बाळंतपण करशील तिथे आधीच विचार की रात्री दोन वाजता बी निगेटिव्ह रक्त लागलं तर कुठून येईल आणि किती वेळात. त्यांनी ब्लड बँकेचं नाव घेऊन सरळ उत्तर दिलं तर ठीक, "बघू तेव्हा" म्हणाले तर दुसरीकडे बघ. दुसरा प्रश्न, भूल देणारे डॉक्टर रात्री किती वेळात पोचतात. तिसरा, बाळाला त्रास झाला तर कुठल्या एनआयसीयूत पाठवतात. घरापासून पाच मिनिटं ही सोय चांगलीच आहे, पण ह्या तीन गोष्टी त्याच्या आधी येतात.
एचबी 11 च्या खाली म्हणजे गरोदरपणात अॅनिमियाच. आयर्नची गोळी चहासोबत अजिबात नको, लिंबूपाण्यासोबत घे, आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने, दोन्ही एकत्र घेतल्या की आयर्न नीट लागत नाही. महिन्याने परत तपास. वाढलं नाही तर सलाइनमधून आयर्न देतात, त्याला घाबरू नको. बाळंतपणात थोडं रक्त जातंच, आधीच कमी असेल तर बाईला झेपत नाही, मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.
शुगरच्या टेस्टला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातली शुगर धरतात. घशाशी येतं ते, हळूहळू पी, पण दहा मिनिटांत संपव, आणि लगेच उलटी झाली तर लॅबमध्ये सांग, टेस्ट परत करावी लागते.
आता जायचं कधी. जायचंच असेल तर नववा लागायची वाट बघू नका, 32-34 आठवड्यांपर्यंत तिथल्या डॉक्टरांच्या हातात फाइल गेली पाहिजे. 36 पर्यंत पंधरा दिवसांनी आणि मग दर आठवड्याला तपासणी असते, त्या शेवटच्या तपासण्या जो बाळंतपण करणार त्यानेच केलेल्या बऱ्या. ऐन कळांत नवीन दवाखान्यात पाय ठेवणारी बाई आली की बीपी आधी किती होतं, बाळाची वाढ कशी होती, सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

पलासिया_मधुरा
माईंनी सगळं सांगितलंच आहे तरी माझं सांगते. माझं माहेर नागपूर, पण मी इथेच राहिले आणि आई आठव्या महिन्यात इकडे आली. सुरुवातीला ती हिरमुसली होती, नातेवाईक काय म्हणतील वगैरे, पण एकदा डॉक्टरांकडे सोबत नेलं, तिने स्वतः बाळाचे ठोके ऐकले आणि मग तिचं तिलाच पटलं. तुझ्या आईलाही एकदा व्हिजिटला घेऊन जा, आपण फोनवर कितीही समजावलं तरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असतं.
बॅग 34-35 व्या आठवड्यात भरून दाराजवळ ठेव. वरच्या कप्प्यात फक्त फाइल, सगळ्या सोनोग्राफी, ब्लड ग्रुपचा रिपोर्ट, अँटी-डी कधी दिलं त्याची चिठ्ठी, दोघांचे आधार. पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड्स, बाळाचे धुतलेले झबले-टोपडे. नवीन कपडे न धुता घालू नको. नेलपेंट काढून टाक, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात त्याचं रीडिंग गडबडतं. डोहाळजेवणातल्या बांगड्या आणि मंगळसूत्र घरीच आईंच्या हातात देऊन निघ, ऐन वेळी सिस्टर काढायला सांगतात आणि घरच्यांच्या मनाला लागतं.

सुदामानगर_वहिनी
माई, मधुराताई, खरंच खूप आधार वाटला. आयसीटी झालीय, निगेटिव्ह आहे, इंजेक्शनचं उद्याच विचारते. अजून एक, कळा सुरू झाल्यावर निघायचं कधी ते कसं कळतं? आणि आमच्याकडे जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट लावतात ते चालतं का?

माई_सिस्टर
मध नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देतच नाहीत, त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. त्याऐवजी पहिल्या तासात छातीशी घे, पहिलं पिवळसर चिकाचं दूध पाज, कोणी पिळून टाकायला सांगितलं तरी टाकू नको.
पहिलटकरणीला साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. पण पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. पाणी हिरवट दिसलं तर तसं फोनवरच सांग. हालचाल मोजायची तर जेवल्यावर डाव्या कुशीवर पड, दोन तासांत दहा तरी जाणवायला हव्यात.

नवीन_बाबा_इंदूर
भाऊंसाठी लिहितो. वहिनी इंदूरलाच राहिल्या तर ड्यू डेटच्या आसपास अनंत चतुर्दशी येतेय हे डोक्यात ठेवा. झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, म्हणून हॉस्पिटल त्या पट्ट्याच्या पलीकडे असेल तर दुसरा रस्ता आधी दिवसा आणि एकदा रात्री गाडीने जाऊन बघा, रात्री कुठलं गेट उघडं असतं तेही विचारा. अँब्युलन्सचा 108 नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.
खर्चाचं टेन्शन असेल तर सरकारीचाही नीट विचार करा, एमटीएच (महाराजा तुकोजीराव होळकर हॉस्पिटल) आणि पी. सी. सेठी हॉस्पिटल दोन्हीकडे बाळंतपण होतं. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सीझर, औषधं, रक्त, जेवण सगळं फुकट आहे, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची तपासणी मोफत असते. प्रायव्हेट असेल तर नॉर्मल आणि सीझर दोन्हीचा अंदाज लेखी मागा, त्यात बाळाच्या डॉक्टरची फी धरलीय का ते विचारा. मेडिक्लेममध्ये मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड संपलाय का तेही आजच बघून घ्या. आणि डिस्चार्जच्या आधी जन्मनोंदणीच्या फॉर्मवरचं आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी ताडून बघा, नोंदणी 21 दिवसांच्या आत झाली तर लेट फी लागत नाही.