सासूबाईंचे काचबिंदूचे थेंब: बाटली महिनाभर पुरत नाही

अबोली:
सासूबाई ७१ वर्षांच्या, कराडला असतात. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. रात्री लॅटॅनोप्रॉस्ट आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल असे थेंब आहेत. हात थरथरतो, त्यामुळे निम्मं औषध गालावर. शेजारच्या मावशींना मोतीबिंदू काढल्यावर लख्ख दिसायला लागलं, म्हणून यांचं एकच पालुपद: "मला काडीचा फरक नाही, कशाला पैसे घालवता?" त्यात हल्ली दम लागतो, पंपही जास्त घ्यावा लागतो, त्यामुळे अजूनच वैतागल्या आहेत. मी पुण्याला परतल्यावर कसं होणार?

रानजाई:
अबोलीताई, बाकीचं नंतर. पंप दम्याचा आहे ना? मग संध्याकाळचा थेंब घालायच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि हे सांगा. डोळ्यात घातलेलं टिमोलॉल नाकावाटे रक्तात उतरतं. त्याने दमा बळावतो, नाडीही मंदावते. दम्याच्या माणसाला ते सहसा देतच नाहीत. डोळे दाखवायला गेल्यावर छातीचं कोण सांगतं हो! दम फारच लागला तर फोनची वाट न बघता दवाखान्यात न्या.

आता थेंबांचं. मी स्वतः बरीच वर्षं घालते आहे. त्यांना उताणं झोपवा, खालची पापणी ओढून खळगा करा आणि एकच थेंब टाका. डोळ्यात तेवढाच मावतो, दुसरा वाहूनच जातो. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. लॅटॅनोप्रॉस्टच्या अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात, म्हणजे दोन डोळ्यांना महिना सहज निघतो. फोडल्यावर सहा आठवड्यांनी मात्र उरलेलं टाकून द्या.

फरक पडत नाही म्हणतात ते खरंच आहे, त्यांना तसंच सांगा. काचबिंदूत डोळ्याची शीर मरते, ती मोतीबिंदूसारखी दुरुस्त होत नाही. थेंब डोळ्यातला दाब उतरवतात, उरलेली नजर राखतात. माझे वडील शेवटपर्यंत पेपर वाचायचे, पण बाजूने आलेली सायकल त्यांना दिसायची नाही. कडेची नजर अशी गुपचूप जाते. तुमच्या यजमानांचेही डोळे तपासून घ्या, हे घराण्यात उतरतं.

माणदेशी:
न फोडलेली लॅटॅनोप्रॉस्टची बाटली फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. आमच्याकडे आईचे थेंब रात्रीच्या बातम्या संपल्या की घालायचे असं ठरलंय. आम्ही विसरलो तरी ती स्वतःच हाक मारते.

अबोली:
रानजाईताई, फोन केला. दम्याचं त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं! टिमोलॉल बंद करून डॉर्झोलामाइड दिलंय. छातीच्या डॉक्टरांनाही दाखवून आलो. दम बराच कमी आहे, रात्री झोप लागते. संध्याकाळी घरी येणारी पुतणी थेंब घालायला शिकली आहे. सकाळचा प्रश्न अजून आहेच. नव्या औषधाने तोंड कडू होतं म्हणतात, ते चालेल ना?

रानजाई:
चालेल, त्या औषधाने होतं तसं. थेंब घशात उतरतो म्हणून कडू लागतं, कोपरा नीट दाबला की कमी होईल. सकाळी शेजारच्या मावशींनाच विचारून बघा ना.