मदत हवी आहे: करार वर्षाचा, कमिशनचा खर्च किती वर्षांत दाखवायचा?

मशीन देखभालीच्या १२ महिन्यांच्या कराराचे सगळे पैसे ग्राहकाने पहिल्याच दिवशी भरले. पैसे आले म्हणजे उत्पन्न झालं असं नाही, एवढं कळतं. रक्कम देणी बाजूला टाकलीय, दरमहा बारावा हिस्सा उत्पन्नात घेतेय. घोडं अडलंय सेल्समनच्या कमिशनवर. ते एकरकमी दिलं. आयएफआरएस १५ (ग्राहकांशी केलेल्या करारांच्या उत्पन्नाचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक) प्रमाणे, कमिशन ज्या मुदतीत विभागून खर्ची टाकायचं ती मुदत वर्षभर किंवा कमी असेल तर ते लगेच खर्ची टाकायची सवलत आहे. तसं केलं की पहिल्याच महिन्यात तोटा दिसतो आणि साहेब माझ्याकडे बघतात! पण बहुतेक ग्राहक करार पुढे चालू ठेवतात, नूतनीकरणाला कमिशन नसतं. मग ही मुदत अपेक्षित नूतनीकरणं धरून मोजायची का? तसं असेल तर ही सवलतच लागू होत नाही ना? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर जर्नल एंट्रीसकट सांगा.