ऑनलाईन खेळायचे वेगळे पैसे कायचे?

पऱ्हाटीवाला

काल इथं एका भावानं लिहिलं, "ज्याले प्लेस्टेशन प्लसचे वर्षाचे पैसे जड जातात त्यानं कन्सोल घेऊच नये, मोबाईलवर खेळावं." कन्सोल म्हणजे टीव्हीले जोडाचा गेमचा डब्बा, अन् प्लस म्हणजे त्याच्यावर ऑनलाईन खेळाले सोनी कंपनी घेते थी वर्गणी. रात्री वाचलं अन् डोकं तापलं ते अजून उतरलं नाई. आज सोयाबीन काढाले मशीन येणार म्हून वावरात बसून आहो, तवर लिहून टाकतो.

मी आर्णी तालुक्यातला. कन्सोल घेतला तं दोन वर्षं कापसाच्या पैशातून थोडे थोडे बाजूले ठेवून घेतला. डिस्कचे पैसे वेगळे दिले. नेटचं बिल दर महिन्याले वेगळं. मग डब्बा माह्या, डिस्क माही, नेट माह्या, अन् दोस्तासंग एक मॅच खेळाची म्हटलं की कंपनीले अजून पैसे? आपल्या वावरात जायले आपणच मुरूम टाकून पांदण रस्ता करावा अन् तोंडाशी दुसऱ्यानं नाका लावून बसावं, असं आहे हे.

कोणी म्हणन, सर्व्हरचा, म्हणजे मॅच जोडणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरचा खर्च लागते. पण जीटीए ऑनलाईन या गेमचं सेशन चालते ते जास्त करून खेळणाऱ्यांच्याच कन्सोलवरून, एकमेकाले जोडून. फुटबॉलच्या गेमचे सर्व्हर गेमवाल्या कंपनीचे. फोर्टनाईट फुकट आहे, त्याले प्लसही लागत नाई, थे त्याच कन्सोलवर, त्याच नेटवर चालते. मग पैसे देऊन घेतलेल्या गेमलेच कुलूप काहून?

अन् जड जाते का म्हणणाऱ्यानं हिशोब करावा. 2022 मध्ये इकडं प्लसचे नवे प्लॅन आले तेव्हा सगळ्यात खालचा वर्षाले 2,999 अन् महिन्याले 499. ज्याच्याजवळ एकदम तीन हजार नव्हते, थो बिचारा महिन्या महिन्यानं भरे, त्याचे बारा महिन्याचे होत 5,988. म्हणजे ज्याच्यापाशी कमी त्याच्याकडून डबल. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4,300 होता, म्हणजे वर्षाचा प्लॅन सत्तर किलो सोयाबीन अन् महिन्याचा केला तं एक क्विंटल चाळीस. आमच्याकडं पैसा दिवाळीच्या आजूबाजूले येते, जूनमध्ये बियाण्यातच जाते. परवडते का म्हणून विचारू नका, बरोबर आहे का ते सांगा.

कंट्रोलर_किंग

ती कमेंट माझीच होती आणि मी ती मागे घेत नाही. 2006 ला सोनीचा पीएस3 कन्सोल आला तेव्हा ऑनलाईन फुकट होतं, तेव्हा काय झालं माहीत आहे ना? 2011 च्या एप्रिलमध्ये हॅक झालं, 7 कोटी 70 लाख अकाउंट, जवळपास तेवीस दिवस नेटवर्क बंद. मायक्रोसॉफ्ट आपल्या एक्सबॉक्स कन्सोलवर 2002 पासून पैसे घेत होतं आणि पार्टी चॅट (दोस्तांशी बोलणं), मॅचमेकिंग (खेळणारे जुळवणं) सगळं त्यांचं कितीतरी पुढे होतं. 2013 ला पीएस4 बरोबर सोनीनेही तेच केलं, 2018 ला निनटेंडोनेही. तिघंही येडे आहेत का? चीटर बॅन करायला, रिपोर्ट बघायला माणसं लागतात, त्यांचा पगार कोण देणार? फुकट पाहिजे, चांगलंही पाहिजे, असं कुठं असते का.

पऱ्हाटीवाला

तेवीस दिवसाचं बरोबर सांगितलं, मान्य. मग पैसे घ्यायले लागल्यावर बंद पडलं नाई का? 2025 च्या फेब्रुवारीत अख्खा एक दिवस बंद होतं, शनिवार-रविवारचं. पाच दिवस वाढवून दिले, झालं. अन् पगाराचं म्हणता तं दुकानात जो गेम विकते त्याचे 30 टक्के कंपनी कापून घेतेच. पीसीवर स्टीम नावाचं गेमचं ऑनलाईन दुकानही तेवढाच वाटा घेते पण मॅच खेळाचे पैसे मागत नाई. तिथंही चीटर पकडायले माणसं लागतातच ना.

डिस्कवाला_हिंगणघाट

मी गेम झोन चालवतो, चार कन्सोल, एका तासाचे पन्नास रुपये. पोट्टे येतात ते टोळीनं एका टीव्हीसमोर बसून खेळतात, त्यामुळे ऑनलाईनचा माझा धंद्याशी संबंध नाही, घरच्या कन्सोलचं सांगतो. दोन्हीकडून अर्धं बोलून राहिले तुम्ही. महिन्याले दोन-तीन गेम त्या प्लसमध्ये भेटतात, मी त्यातून असे गेम खेळलो जे विकत कधीच घेतले नसते. वर्षात दोन चांगले निघाले तरी पैसे वसूल.

आणि एका कन्सोलवर एकानं प्लस घेतलं अन् कन्सोल शेअरिंग चालू ठेवलं तर घरातले बाकीचे आपल्या आयडीवरून ऑनलाईन खेळू शकतात, त्यांना वेगळं घ्यावं लागत नाही. माझे दोन्ही पोट्टे असेच खेळतात. ते पऱ्हाटीवाल्या भावाले माहीत आहे का?

पऱ्हाटीवाला

नव्हतं माहीत. लहान भावाले वेगळं घेऊन दिलं होतं मी, चार महिने. ठीक आहे, हे कामाचं सांगितलं. पण भेटलेले गेम प्लस संपलं की बंद होतात, हेही सांगा लोकायले. थे आपले नसतात, भाड्याचे असतात.

मोर्शीची_आई

माझा मुलगा सातवीत आहे, माईनक्राफ्ट खेळतो. फोनवर मामाच्या मुलासोबत खेळत होता, काही वेगळे पैसे नव्हते. डोळे खराब होतील म्हणून मी टीव्हीवर कन्सोल घेऊन दिला तर तोच गेम, तोच मामाचा मुलगा, आता म्हणे सबस्क्रिप्शन पाहिजे. दुकानदाराने घेताना एक शब्द सांगितला नाही. पोरगं त्या दिवशी कंट्रोलर हातात धरून नुसतं स्क्रीनकडे बघत बसलं होतं. मला तुमच्या सर्व्हरचं काही कळत नाही पण डब्ब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय जातं यांचं?

वाशिमचा_मास्तर

ताईंचं एकदम बरोबर. पण मला सांगा, लाईनच राहत नाही तर ऑनलाईन कशाचं? आमच्या गावची डीपी जळाली पोळ्याच्या आदल्या दिवशी, नवीन बसली अकरा दिवसांनी. ऑफिसात गेलो तर म्हणे आधी सगळ्यांची थकबाकी भरा. ज्याने भरलं त्याचंही घर अंधारात. त्या अकरा दिवसांचं सबस्क्रिप्शन गेलं ते गेलंच.

कंट्रोलर_किंग

बघा, आलेच मूळ मुद्द्यावर. थकबाकी भरायची नाही, शेतपंपाचं बिल तर 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत माफ, आता गेमही फुकट पाहिजे. ही सवयच लागली आहे.

पऱ्हाटीवाला

ए भाऊ, तोंड सांभाळून. पंपाची लाईन वेगळी अन् घरची वेगळी, एवढं तरी माहीत आहे का तुले? घरचं बिल आम्ही भरतोच, एक महिना राहिलं तं वायर कापाले येतात. अन् पंपाची थ्री फेज एका आठवड्यात दिवसा अन् एका आठवड्यात रात्री. रात्री बारा वाजता हरभऱ्याले पाणी देऊन पाहा, पायात साप अन् समोर रानडुक्कर. माह्या चुलतभावाले मागच्या हिवाळ्यात असाच साप चावला, यवतमाळले नेला म्हून वाचला. हे तुह्या हिशोबात फुकट आहे? फुकट हा शब्द परत लिहू नको.

वाशिमचा_मास्तर

किंग, तुम्ही कुठे राहता ते सांगा आधी.

कंट्रोलर_किंग

अमरावतीत राहतो. पण गाव दर्यापूरकडं आहे, वडील अजूनही शेती करतात, मला कोणी शिकवू नये. साप वगैरे मलाही माहीत आहेत. शेतपंपाचं बोललो ते इथं बोलायला नको होतं, तेवढं मागे घेतो. गेमचं नाही घेत.

डिस्कवाला_हिंगणघाट

बरं झालं. लाईन आली तरी पुढची कथा ऐका. आमच्या गल्लीत वायरलेस ब्रॉडबँड आलं, स्पीड चांगला. पण कन्सोलवर नॅट टाईप 3, म्हणजे दुसऱ्याच्या कन्सोलशी जोडणं अडलेलं. दोस्त पार्टीत येतो, आवाज येत नाही, आला तर मॅच जोडत नाही. राऊटरमध्ये पोर्ट उघडून पाहिले, काही फरक नाही, कारण नेटवाला शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, देतो. म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राऊटरपाशी येतच नाही, वरतीच अडकते. स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा कायमचा पत्ता, मागितला तर त्याचे महिन्याचे वेगळे पैसे. शेवटी फायबर आलं तेव्हा सुटलं.

पऱ्हाटीवाला

आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं आहे, पेटी भिंतीवर लावून आहे, दोन वर्षं झाले. पेटीपासून माह्या घर दीडशे पावलं. त्या दीडशे पावलाले कोणी तार टाकत नाई. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळतो, फोन खिडकीच्या गजाले दोरीनं बांधून ठेवतो कारण तिथंच दोन काड्या भेटतात. माय म्हणते, खिडकी लाव, मच्छर येऊन राह्यले. खिडकी लावली की मॅच गेली.

वाशिमचा_मास्तर

आमच्याकडे पण तशीच पेटी आहे. त्यावर चिमणीने घरटं केलं आहे. अर्ज दिला होता, पोच आहे माझ्याकडे.

मोर्शीची_आई

आमच्या शाळेत फायबर चालू आहे, पण शाळा सुटली की बंद. अहो पण मूळ प्रश्न राहिला ना, पैसे द्यायचे की नाही?

कंट्रोलर_किंग

द्यायचे. पण ताईंच्या मुलासोबत झालं ते मला खरंच पटलं नाही, जो गेम फोनवर फुकट जोडतो तो कन्सोलवर अडवायला नको. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनं गोल्डचे, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या प्लससारख्या सबस्क्रिप्शनचे, दर वाढवायचं जाहीर केलं होतं, लोकांनी एवढी ओरड केली की लगेच मागे घेतलं आणि फुकटच्या गेमला गोल्ड लागणार नाही असं करून टाकलं. म्हणजे ओरडल्यावर होतं. 2023 ला सोनीनं अमेरिकेत 60 डॉलरचा वर्षाचा प्लॅन 80 केला तेव्हा मात्र सगळे गप भरत बसले. मीही भरले इथले वाढीव. त्याचा राग आहे मला, नाही असं नाही.

पऱ्हाटीवाला

मग काल काहून लिहिलं तसं? राग कंपनीचा अन् काढला माणसावर.

पैसे घ्याच म्हणत असतील तं माह्यं एवढंच म्हणणं आहे, ऑनलाईनचं कुलूप वेगळं करा अन् गेमचं पॅकेट वेगळं ठेवा. ज्याले महिन्याचे गेम पाहिजेत त्यानं घ्यावेत, डिस्कवाल्या भाऊसारखे. ज्याले फक्त दोस्तासंग फुटबॉल खेळाचा आहे त्याले खेळू द्या. थे नाई जमत तं दिवसाचा प्लॅन द्या, वीस-पंचवीस रुपयाचा. मोबाईलचा डेटा एक दिवसाचा भेटते ना. मी महिन्यातून सहा रात्री खेळतो, बाकीच्या रात्री पाणी द्यायले वावरात असतो.

डिस्कवाला_हिंगणघाट

दिवसाचा प्लॅन हे मात्र पटलं. माझ्या झोनमध्ये तासाचे पैसे चालतात, महिन्याचे मागितले असते तर एक पोट्टा आला नसता.

कंट्रोलर_किंग

दिवसाचा आला तर मीही घेईन, परीक्षेच्या महिन्यात पूर्ण पैसे वाया जातात माझे. पण पूर्ण फुकट नको, यावर मी ठाम आहे.

पऱ्हाटीवाला

राहा ठाम. मशीन आली, जातो. त्या शेअरिंगची सेटिंग कुठं असते ते कोणी लिहून ठेवा, रात्री येऊन पाहतो.

डिस्कवाला_हिंगणघाट

सेटिंग, मग युजर्स अँड अकाउंट्स, मग अदर, तिथं कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाईन प्ले. ज्याचं प्लस आहे त्याच्या आयडीनं लॉगिन करून चालू कर.