बँकॉकमध्ये आईचे गुडघे सांभाळून कसं फिरावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन चार दिवस बँकॉकला जातोय. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. आई ६८ वर्षांची. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, पण जिना दिसला की तिचा चेहरा उतरतो. हॉटेल असोकला घेतलंय, कारण तिथे स्कायट्रेन आणि जमिनीखालची मेट्रो (तिच्या स्टेशनचं नाव सुखुमवित) दोन्ही आहेत.

आईला वाट फो या देवळातला ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध बघायचाच आहे. फोटो बघितल्यापासून तेच चाललंय. माझा बेत होता की स्कायट्रेनने साफान टाकसिन गाठायचं आणि सातोर्नच्या धक्क्यावरून बोटीने जायचं. पण बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि हलत्या तराफ्यावरून पटकन चढावं लागतं म्हणे. टॅक्सीचं म्हणाल, तर मागे कामासाठी गेलो होतो तेव्हा संध्याकाळी सुखुमवित रस्त्यावर तीन किलोमीटरला पाऊण तास लागला होता. मग जावं कसं?

शिवाय सुवर्णभूमी विमानतळावर पहाटे उतरतोय, दोन मोठ्या बॅगा आहेत. रेल्वेने मक्कासनला उतरून तिथून फेचबुरी मेट्रोपर्यंत चालणं आईला झेपेल का? वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचंही गुडघ्याचंच दुखणं. बोटीचा नाद सोडा. सुखुमवितहून निळ्या मेट्रोने थेट सनाम चाईला जा, गाडी बदलावी लागत नाही. लक सोंगकडे जाणारी पकडा. लिफ्ट आहे, फक्त ती कुठल्या दाराशी उघडते ते आधी नकाशात बघा, नाहीतर उगाच चाल पडते. तिथून वाट फो अगदी जवळ. जवळचा राजवाडाही (ग्रँड पॅलेस) करणार असाल तर सकाळी साडेआठलाच पोचा, दुपारी साडेतीनला तिकीट बंद होतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, काकू साडीत असतील तर प्रश्नच नाही. बाहेर कुणी "आज बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो" म्हणाला तर त्याच्या टुकटुकमध्ये बसू नका.

पहाटे बॅगांसकट मक्कासनची पायपीट नको. विमानतळाच्या खालच्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घेऊन मीटरची टॅक्सी करा. मीटरच्या भाड्याशिवाय विमानतळाचे ५० बाट (तिथलं चलन) आणि टोल वेगळा द्यावा लागतो. त्या वेळी रस्तेही मोकळे असतात.